डबल: धमकीचा प्रश्न कसा झाला

कॉलेजच्या हॉस्टेलवर ब्रिज शिकलेल्या माणसाचा अमेरिकेतल्या क्लबातला पहिला दिवस डोळ्यांसमोर आणा. तो माणूस तुम्हीच आहात असं समजा. समोरचा भिडू एक चौकट बोलला. उजवीकडच्या बाई एक इस्पिक बोलल्या. तुमच्याकडे इस्पिकची पाच पानं, त्यात एक्का, राणी आणि दश्शी. बाई आता बुडणार, या खुशीत तुम्ही डबलचं लाल कार्ड टेबलावर ठेवता. डावीकडून पास. आणि भिडू शांतपणे दोन बदाम बोलतो! तुमच्याकडे बदामाचं एकच पान. डाव बुडाल्यावर तो विचारतो, "तुम्ही डबल दिलात ना? मग तुमचे बदाम कुठे होते?"

चूक तुमचीही नाही आणि त्याचीही नाही. तुम्ही दोघांनी एकच शब्द वापरला, पण दोन वेगवेगळ्या काळांतला. त्या शब्दाचा अर्थ कसा बदलला, याची गोष्ट बहुतेक सगळी इथलीच, अमेरिकेतली आहे.

मुळात डबल म्हणजे निव्वळ धमकी होती: "तुमचे एवढे हात होत नाहीत, दंड भरा." पण ऑक्शन ब्रिजच्या काळात खेळाडूंच्या लक्षात आलं की एकच्या बोलीवर ही धमकी फारशी कामाची नाही. समोरच्याला सातच हात करायचे असतात आणि धमकी ऐकून तो दुसऱ्या रंगात पळूही शकतो. म्हणजे खालच्या पातळीवर हा शब्द बिनकामाचा पडून होता. 1912-13 च्या सुमारास न्यूयॉर्कचे मेजर चार्ल्स पॅटन आणि सेंट लुईसचे ब्रायंट मॅककॅम्पबेल या दोघांना एकमेकांशी संबंध नसताना एकच कल्पना सुचली. या पडून असलेल्या शब्दाला नवं काम द्यायचं: "भिडू, माझ्याकडे ताकद आहे, यांचा रंग सोडून तुझा चांगला रंग सांग." हाच टेकआउट डबल. आपल्याला इथे टेकआउट म्हटलं की चायनीजचा डबा आठवतो, पण या टेकआउटमध्ये भिडूने आपल्याला समोरच्यांच्या रंगातून बाहेर काढायचं असतं.

1925 साली हॅरल्ड व्हॅंडरबिल्टने पनामा कालव्यातून जाणाऱ्या जहाजावर नवी गुणपद्धत खेळून पाहिली आणि कॉन्ट्रॅक्ट ब्रिज जन्माला आला. आता बोललेलेच हात गेममध्ये धरले जाऊ लागले, त्यामुळे बोली वर चढू लागली आणि भिडूशी नेमकं बोलण्याची गरज वाढली. 1930 च्या दशकात ईली कल्बर्टसनच्या पुस्तकांवर वाढलेल्या पिढीने एक सोपा नियम पाठ केला. भिडू अजून काही बोललेला नसेल आणि बोली खालची असेल, तर डबल टेकआउटचा. भिडू बोललेला असेल, तर डबल दंडाचा. हॉस्टेलवर तुम्ही शिकलात तो बहुधा हाच नियम.

तिसरा अर्थ 1929 मध्ये थिओडोर लाइटनरने दिला. समोरच्यांनी स्लॅम बोलली तर ती बुडाली तरी सहसा एखाद्या हाताने, म्हणजे दंड थोडाच. मग तिथे डबलचा अर्थ घ्यायचा: "भिडू, नेहमीची उतारी करू नकोस, काहीतरी वेगळं खेळ." इथेही तेच झालं. जिथे धमकीतून फारसं मिळत नाही, तिथे तो शब्द संदेशासाठी वापरला गेला.

यानंतरचा मोठा बदल 1957 चा. अल्विन रॉथ आणि टोबायस स्टोन या जोडीने वरच्या नियमाचा दुसरा भागच मोडला. त्यांचा मुद्दा समजायला ही पानं पाहा. इस्पिक: सत्ती, तिर्री. बदाम: राजा, गुलाम, अठ्ठी, चौकी. चौकट: राणी, छक्की, दुर्री. किलवर: राजा, नश्शी, पंजी, तिर्री. भिडू एक चौकट, उजवीकडून एक इस्पिक. आता काय बोलाल? दोन बदामांना पाच बदाम आणि जास्त ताकद हवी. बिनहुकमीला इस्पिकमध्ये अडसर हवा. पास केलात तर बदामाचा मेळ हातचा जातो. अशी पानं वारंवार येतात. तुमच्या पहिल्या दिवसासारखी, समोरच्याच रंगाची पाच तगडी पानं मात्र क्वचित. मग डबल कोणत्या पानांसाठी राखून ठेवायचा? त्यांनी वारंवार येणारी पानं निवडली. डबल म्हणजे "माझ्याकडे न बोललेले रंग आहेत, विशेषतः बदाम." त्याच वर्षी ऑक्टोबरात रशियाचा उपग्रह आकाशात गेला होता, म्हणून या नव्या डबलला स्पुटनिक म्हणू लागले. पुढे अमेरिकेत निगेटिव्ह डबल हे नाव रूढ झालं. गंमत म्हणजे ऑक्शन ब्रिजच्या काळात हेच नाव पॅटन-मॅककॅम्पबेलच्या डबलला होतं!

मग दंडाचं काय? तुमचे ते एक्का-राणी-दश्शी वाया गेले का? नाही. तुम्ही मन घट्ट करून पास करायचं. डावीकडूनही पास आला आणि तुमच्या भिडूकडे इस्पिक कमी असले, तर ही युक्ती त्यालाही ठाऊक असते. तो स्वतः डबल देतो. तुम्ही पुन्हा पास करता आणि दंड वसूल होतो. आता शिक्षा मौन करतं आणि डबल फक्त विचारतो.

हे फुकट मिळालेलं नाही. भिडूचे इस्पिक कमी नसतील तर तो डबल देत नाही आणि शिकार निसटते. लगेच दंड होत नाही हे कळल्यावर समोरचेही धीट होऊन हलक्या पानांवर मध्ये बोलतात. तरीही रॉथ-स्टोनचा हिशोब टिकला, कारण रोजच्या पानांवर होणारा फायदा क्वचितच्या मोठ्या दंडापेक्षा भारी पडतो. त्या दोघांच्या पुस्तकाचं नावच होतं 'ब्रिज इज अ पार्टनरशिप गेम'.

पूर्वी बोली तोंडी असायची. दंडाचा डबल कडक आवाजात आणि टेकआउटचा हळू आवाजात येतो, हा त्या काळातला विनोद. नियमाप्रमाणे आवाजातून भिडूला काही सुचवणं तेव्हाही चूक होतं आणि आजही आहे. आता बोलीच्या डब्यातून लाल कार्ड निघतं. त्याला आवाज नाही, एकच खूण आहे. अर्थ असतो तो फक्त दोघा भिडूंच्या आधीच्या करारात, आणि तो करार समोरच्यांना विचारायचा पूर्ण हक्क असतो.

म्हणून नव्या भिडूबरोबर बसताना घरदार, नोकरी, मुलं यांची चौकशी जरूर करा. पण पहिली पानं वाटण्याआधी एवढं नक्की विचारा: "आपला निगेटिव्ह डबल कुठपर्यंत?" अमेरिकन क्लबातल्या छापील कार्डावर यासाठी एक मोकळी जागाच ठेवलेली असते. ती दोघांनी मिळून भरा, म्हणजे लाल कार्ड टेबलावर पडल्यावर दोघांनाही एकच वाक्य ऐकू येईल.