याप्य रोग : दम्याच्या औषधांची हकीकत

आपल्या जुन्या वैद्यकात साध्य आणि असाध्य या दोहोंच्या मध्ये ‘याप्य’ नावाचा रोगांचा एक वर्ग आहे. उपचार चालू असेतोवर काबूत राहतो आणि उपचार सुटला की उसळतो, तो याप्य रोग. सुश्रुताने त्याला पडू आलेल्या घराची उपमा दिली आहे. नीट लावलेला टेकू घर सावरून धरतो, तशी योग्य चिकित्सा रोग्याला. चरकाने वर्णिलेला ‘तमकश्वास’ आजच्या दम्याशी पुष्कळच जुळतो. आडवे झाले की जीव घाबरा होतो, उठून बसले की बरे वाटते. आभाळ भरून आले, थंडी पडली, पूर्वेचा वारा सुटला की जोर वाढतो. रोग नवा असेल तर बरा होईल, एरवी तो याप्यच, असा चरकाचा निर्वाळा आहे.

म्हणजे टेकूची गोष्ट आपल्याकडे फार पूर्वीच ठाऊक होती. पण पुढे औषधे निघाली ती सारी पडझडीच्या रात्रीसाठी.

धोतऱ्याचा धूर ओढण्याची रीत आपल्या देशात जुनी. १८०२ च्या सुमारास मद्रासेतील एका इंग्रज सेनाधिकाऱ्याने ती विलायतेत नेली, आणि तिकडे धोतऱ्याच्या सिगारेटी औषध म्हणून दुकानांत विकू लागल्या! त्याने आवळलेल्या श्वासनळ्या सैल होत. पण धोतरा तो धोतराच, मात्रा चुकली की भ्रम आणि विषबाधा. (आजही कुणी सांगितले तरी हा प्रयोग करू नये.) १९५६ साली अमेरिकेत खिशात मावणारा पहिला पंप निघाला. एका औषध कंपनीच्या प्रमुखाच्या तेरा वर्षांच्या दमेकरी मुलीने विचारले होते, केसांवर मारायच्या फवाऱ्यासारखं माझं औषध डबीत का नाही भरता येत? त्या प्रश्नातून तो निघाला म्हणतात.

पंप आला आणि आराम क्षणात मिळू लागला. इथेच घोटाळा झाला. १९६० नंतरच्या दशकात इंग्लंडात दम्याचे मृत्यू एकाएकी वाढले, त्यांत शाळकरी मुलेही पुष्कळ होती. तीव्र मात्रेच्या पंपांवर ठपका आला, वादही झाला. औषधाचा अपाय किती आणि ‘पंप आहे ना’ म्हणून डॉक्टरकडे जायला झालेला उशीर किती, यावर तज्ज्ञ पुढे कित्येक वर्षे भांडत राहिले. पण एवढे कळले की नळी सैल केली तरी तिच्या आतली सूज तशीच राहते. ती सूज उतरवणारा, रोज घ्यायचा पंप १९७२ साली इंग्लंडात बाजारात आला. टेकू मिळाला तो असा, चरकानंतर कितीतरी शतकांनी. अगदी २०१९ साली दम्यावरच्या जागतिक मार्गदर्शिकेने सांगून टाकले की मोठ्या माणसांना नुसता तात्पुरत्या आरामाचा पंप देऊच नये.

आता आपल्याकडे या. माझे चुलते दमेकरी होते. लहानपणी मी त्यांच्याबरोबर कोजागरीला दम्याचे औषध घ्यायला गेलो आहे. दिवसभर उपास, रात्रभर जागरण, चांदण्यात ठेवलेली खीर, तीत वैद्याने घातलेली पूड. एस.टी.ने आणि पुढे पायी आलेली शेकडो माणसे तिथे होती. त्यानंतर काका महिनोन् महिने दही, चिंच, तंबाखू यांना शिवत नसत. खिरीने गुण किती येई ते सोडा; पण खेड्यातला माणूस पथ्य पाळत नाही, असे डॉक्टर म्हणतात तेव्हा मला ती रात्र आठवते. व्रत असेल तर तो पाळतो. व्रताला तिथी असते, सोबत असते. गोळीला आणि पंपाला काय असते?

पुढे तालुक्याच्या डॉक्टरांनी काकांना दोन पंप दिले. धाप लागेल तेव्हाचा एक आणि रोजचा एक. पहिला त्यांना पटला. दुसऱ्याने तर लगेच काहीच वाटत नसे! पंधरा दिवसांत श्वास मोकळा झाला, तसा तो कोनाड्यात गेला. ‘बरं वाटतंय तर कशाला? सवय लागते पंपाची,’ असे ते म्हणत. खर्चही होता. एका मार्गशीर्षात, बाजरीची मळणी चालू असताना, रात्री ते गेले. हातातला पंप संपलेला होता. कोनाड्यातला जवळजवळ भरलेला निघाला.

रोजच्या पंपाची ‘सवय’ लागत नाही, तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये, ओढल्यावर चूळ भरावी, एवढे तेव्हा कुणी आम्हाला उलगडून सांगितले असते तर! शिक्षकांनाही एक विनंती. मुलाचा आरामाचा पंप कार्यालयाच्या कपाटात कुलपात ठेवू नका, त्याच्या दप्तरात राहू द्या.

काकांच्या मुलीलाही दमा आहे. लग्न ठरताना घरच्यांनी तिचे पंप लपवून ठेवायला सांगितले होते. तिने ऐकले नाही. तिचा रोजचा पंप आता मोरीजवळच्या फळीवर, दंतमंजनाच्या डबीशेजारी असतो. सकाळ-संध्याकाळ आधी पंप, मग दात घासणे, म्हणजे चूळही आपसूक भरली जाते. ही युक्ती तिची तिनेच काढली आहे.