छोटे उद्योग आणि एक मोठा आकडा

नवे रोजगार कोठून येतात? अमेरिकेत १९७९ साली एमआयटीतील डेव्हिड बर्च यांनी उत्तर दिले : १९६९ ते १९७६ या काळात वाढलेल्या रोजगारांपैकी ६६ टक्के रोजगार वीस किंवा त्याहून कमी माणसांच्या उद्योगांतून आले. हा आकडा राजकीय भाषणांत आणि धोरणांच्या चर्चेत जाऊन बसला.

तो कितपत भरवशाचा होता? बर्च यांनी डन अँड ब्रॅडस्ट्रीट कंपनीच्या नोंदी वापरल्या होत्या. त्या उद्योगांची पत पाहण्यासाठी जमवलेल्या होत्या, रोजगार मोजण्यासाठी नव्हे.

दुसरा प्रश्न वर्गीकरणाचा. समजा, एका कारखान्यात १८ कामगार आहेत, दुसऱ्यात २२. पुढच्या वर्षी पहिल्यात २२ झाले, दुसऱ्यात १८. एकूण कामगार ४० च राहिले. पण सुरुवातीच्या आकारावरून गट पाडले, तर 'लहान' गटात ४ वाढले आणि 'मोठ्या' गटात ४ घटले असे दिसते! १९९० च्या दशकात डेव्हिस, हॉल्टिवांगर आणि शू या अर्थशास्त्रज्ञांनी नेमके यावर बोट ठेवले.

पुढे २०१३ साली हॉल्टिवांगर, जार्मिन व मिरांडा यांनी अमेरिकेच्या जनगणना खात्याच्या नोंदी तपासल्या. उद्योगाचे वय हिशेबात धरताच आकार आणि वाढ यांचा ठाम संबंध उरला नाही. झपाट्याने वाढणारे उद्योग लहान दिसत होते, कारण ते नवे होते.

हा फरक किरकोळ नाही. सरकारी मदत लहानांना द्यावी की नव्यांना, हे त्यावर ठरते. म्हणून असा आकडा समोर आला की आपण दोन प्रश्न विचारू या : नोंदी कशासाठी केल्या होत्या? आणि गट कोणत्या वेळच्या आकारावरून पाडले?