सायक्लोस्टाइलची शाई

देवस्थानाच्या वाचनालयातील जुन्या कपाटाचा तळ उपसावयास बसले, तर कार्यक्रमपत्रिकांच्या व हिशेबाच्या वह्यांच्या गठ्ठ्यात एखादे हस्तलिखित मासिक हाती लागण्याचा संभव असतो. एकच प्रत, बोरूच्या वळणाचे अक्षर, मुखपृष्ठावर जलरंगातील समई. ते वाचणारे पन्नास आणि लिहिणारे दहा. परंतु त्या दहांस कोणा संपादकाची पायरी चढावी लागली नव्हती, हे त्याचे खरे महत्त्व.

आजची तरुण मंडळी एक कागद आठ पानांत दुमडतात, त्यावर मनात येईल ते लिहितात-चितारतात, झेरॉक्सच्या दुकानात प्रती काढून मित्रांत वाटतात आणि त्यास 'झीन' म्हणतात. शब्द अमेरिकेचा आहे. तेथील विज्ञानकथांचे हौशी वाचक १९३० पासून ज्या घरगुती पत्रिका काढीत, त्यांस १९४० साली 'फॅनझीन' हे नाव मिळाले. त्याचे हे शेपूट. नाव परके असले, तरी उद्योग मराठीस परका नाही.

१९५५ साली मुंबईत अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ आदी मित्रांनी 'शब्द' सुरू केले. ते छापखान्यातून निघाले नाही, सायक्लोस्टाइल यंत्रातून निघाले. मेणकापडासारख्या स्टेन्सिलवर टोकदार लेखणीने वा टंकयंत्राने अक्षर कोरावयाचे, चूक झाल्यास तांबडा द्रव लावून बुजवावयाची, मग ते स्टेन्सिल पिंपावर चढवून हाताने दांडा फिरवावयाचा. कोरलेल्या रेषांतून शाई झिरपते व कागदावर उमटते. बऱ्याच प्रतींनंतर अक्षर फुगू लागते, बोटे काळी होतात. कचेऱ्यांतील परिपत्रकांसाठी असलेले हे साधन कवितेच्या कामी आले.

बडोद्याच्या वाचकांस येथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. चित्रे यांचा जन्म १९३८ साली बडोद्यातला. त्यांचे वडील पुरुषोत्तम चित्रे 'अभिरुचि' हे नावाजलेले मासिक चालवीत. म्हणजे ज्या घरात उत्तम संपादित, उत्तम छापलेले मासिक जन्मास आले, त्याच घरातील सतरा वर्षांच्या मुलाने ही डागाळलेली पाने पत्करली. छापखान्याचा खर्च परवडत नव्हता, हे कारण झालेच. पण तेवढेच असते तर 'सत्यकथे'कडे कविता धाडून वाट पाहता आली असती. वाट पाहावयाची नव्हती, हे मला अधिक खरे वाटते.

पुढे साठीच्या दशकात अशोक शहाणे यांचे 'असो', भालचंद्र नेमाडे यांचे 'वाचा', राजा ढाले यांचे 'येरू' अशी अनेक अनियतकालिके निघाली व बंद पडली. नावे पाहावीत! 'असो' हा हरदासाचा आणि पुराणिकाचा रोजचा शब्द. 'येरू' तर थेट ज्ञानेश्वरीच्या भाषेतला. ज्यांस त्या काळी पाखंडी म्हणून झिडकारले गेले, त्यांनी नावे मात्र आपल्याच सभामंडपातून उचलली होती. कोलटकरांचे 'जेजुरी' १९७६ साली इंग्रजीत आले. चित्र्यांनी १९९१ साली तुकोबा इंग्रजीत नेले. 'जेजुरी'तला संशय आमच्यापैकी कित्येकांस रुचणार नाही, मलाही सगळा रुचत नाही. पण देवळाच्या पायऱ्या तो कवी न्याहाळून चढला आहे, हे नाकारता येत नाही.

गोव्यात मात्र हे सुख नव्हते. 'शब्द' निघाले त्याच १९५५ साली येथे पोर्तुगीज सरकारची पूर्वतपासणी चालू होती आणि मनातले बोलण्यासाठी सीमेवरच्या जंगलातून गुप्त नभोवाणी चालवावी लागे. ती १९६१ च्या डिसेंबरपर्यंत चालली.

आता वकिलीचा भाग. १८६७ चा मुद्रणविषयक कायदा प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचे नाव व ठिकाण मागत असे. त्याची जागा १ मार्च २०२४ पासून ज्या नव्या कायद्याने घेतली, त्यात नियतकालिकाची व्याख्याच ठरावीक काळाने निघणारे प्रकाशन अशी आहे. तेव्हा 'अनियत' हा शब्द कवींनी वापरला, तरी कानास कायदेशीर लागतो.

पण नोंदणी टळली म्हणून फौजदारी टळत नाही. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची 'गांधी मला भेटला' ही कविता अशोक शहाणे यांनी भित्तिपत्रकाच्या रूपात काढली होती. १९९४ साली ती बँक-कर्मचाऱ्यांच्या एका संघटनेच्या पत्रिकेत पुन्हा छापली गेली. पत्रिका केवळ सभासदांत वाटण्यासाठी होती. तरीही अश्लीलतेच्या २९२ कलमाखाली खटला उभा राहिला व एकवीस वर्षांनी, मे २०१५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. 'खाजगी वितरणासाठी' ही ओळ कोणाच्या कामी आली नाही. प्रकाशकाने पुढल्याच अंकात बिनशर्त माफी छापली होती, म्हणून तो सुटला. कवीस मात्र आपला बचाव खालच्या न्यायालयात मांडण्यास सांगण्यात आले.