हाय-फायची उतरंड

घरातल्या हाय-फाय रॅकचे पूर्वज दोन: टेलिफोन एक्स्चेंजमधला लोखंडी सांगाडा आणि दिवाणखान्यातला रेडिओग्राम. सांगाड्याचे माप अमेरिकेच्या एटी अँड टी कंपनीने १९२२च्या सुमारास पक्के केले. उपकरणाची दर्शनी पट्टी १९ इंच रुंद आणि उंची पावणेदोन इंचांच्या पटीत, म्हणजे कोणतेही उपकरण कोणत्याही सांगाड्यात चार स्क्रूंवर बसावे. पुढे रेडिओ केंद्रांनी आणि ध्वनिमुद्रण स्टुडिओंनी हेच माप उचलले. रेडिओग्राम मात्र फर्निचरच्या घराण्यातला. पॉलिश केलेल्या एकाच लाकडी कपाटात रेडिओ, तबकडी, ॲम्प्लिफायर आणि स्पीकर सगळे नांदत.

दुसऱ्या महायुद्धानंतर हे एकत्र कुटुंब फुटले. एप्रिल आणि मे १९४७च्या ‘वायरलेस वर्ल्ड’ या मासिकात डी. टी. एन. विल्यमसन यांनी १५ वॉटच्या ॲम्प्लिफायरचा आराखडा छापला. त्यात ध्वनीची विकृती ०.१ टक्क्याहून कमी होती, आणि कोणाही हौशी माणसाला तो घरी जुळवता येत होता. पुढच्याच वर्षी कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची एलपी आणली. चांगली रेकॉर्ड आणि चांगला ॲम्प्लिफायर हाताशी आल्यावर रेडिओग्रामचा दुबळा स्पीकर खटकू लागला. तेवढाच बदलायचा तर प्रत्येक भाग सुटा हवा. हाय-फायची खरी सुरुवात या सुटेपणात आहे.

सुटे भाग ठेवायचे कुठे, हा प्रश्न सुरुवातीला सुतारानेच सोडवला. इंग्लंडमधल्या हंटिंग्डनच्या पीटर वॉकर यांचा क्वाड टू ॲम्प्लिफायर १९५३चा. त्याचे बटणांचे छोटे नियंत्रण-खोके कपाटाच्या फळीला भोक पाडून बसवत. तापणाऱ्या व्हॉल्व्हचा मुख्य ॲम्प्लिफायर लांब केबलने जोडून खालच्या हवेशीर कप्प्यात जाई. अमेरिकेच्या मॅकिंटॉशने पुढे ‘पॅनलॉक’ नावाची सोय केली. कपाटात बसवलेले यंत्र ती कळ दाबली की पुढे सरकवून घेता येई, म्हणून दुरुस्तीसाठी कपाट उसकटावे लागत नसे.

१९५८मध्ये स्टिरिओ रेकॉर्ड सर्वत्र विकायला आल्या आणि एका कपाटाचा जमाना संपला. दोन स्पीकर एकमेकांपासून काही फूट दूर हवेत, म्हणजे ते कपाटाबाहेर पडणारच. त्याहून मोठा फरक रेकॉर्डच्या खाचेत होता. मोनो रेकॉर्डमध्ये सुई फक्त आडवी हलते. स्टिरिओत खाचेच्या दोन भिंतींवर दोन वेगळे ध्वनी कोरलेले असतात, त्यामुळे सुईची उभी हालचालही ध्वनी होते. जमिनीचा हादरा, मोटरची घरघर, चालणाऱ्या माणसाचे पाऊल असे सगळे त्या उभ्या हालचालीतून स्पीकरपर्यंत पोहोचू लागले. हे हादरे सुईपर्यंत पोहोचू नयेत म्हणून एडगर व्हिल्चर यांच्या एआर कंपनीने १९६१मध्ये फिरती तबकडी आणि सुई धरणारा टोनआर्म एकाच चौकटीवर बसवून ती चौकट स्प्रिंगांवर तरंगती ठेवली.

रॅकमध्ये टर्नटेबलला, म्हणजे रेकॉर्ड वाजवणाऱ्या यंत्राला, सर्वांत वरचा मान मिळाला, त्याचे एक साधे कारण म्हणजे झाकण उघडायला वर मोकळी जागा लागते. पण दुसरे कारण विजेचे आहे. सुईकडून येणारा संदेश जेमतेम पाच मिलिव्होल्टचा असतो. शेजारी ॲम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर असेल तर त्याच्या चुंबकीय क्षेत्राची गुणगुण त्यात मिसळते आणि पुढे संगीताबरोबर तीही वाढते. म्हणून ही दोन यंत्रे रॅकच्या दोन टोकांना. एवढ्या नाजूक संदेशाची काळजी ज्यांनी घेतली, त्यांच्या घरी मंद सतारही स्वच्छ ऐकू आली.

मधले कप्पे भरायला कॅसेट डेकला आपले तोंड फिरवावे लागले. सुरुवातीचे डेक वरून उघडत, म्हणजे त्यांच्यावर दुसरे काही ठेवता येत नसे. १९७०च्या दशकाच्या मध्यापासून कॅसेट पुढून आत जाऊ लागली, आणि खोक्यावर खोके रचण्यातली शेवटची अडचण गेली. जपानी कंपन्यांनी याच काळात रुंदी ४३ सेंटिमीटरच्या आसपास ठेवली. एवढे खोके १९ इंची सांगाड्याच्या दोन खांबांमध्ये बसते आणि बाजूला कानांसारख्या पट्ट्या लावल्या की तिथे स्क्रूही करता येते. पायोनियरच्या ‘स्पेक’ मालिकेने तर स्टुडिओसारख्या मुठीच लावल्या. काचेचे दार, खाली चाके आणि तळाला एलपीचा खण अशी रॅकची ओळखीची ठेवण तेव्हा पक्की झाली. शंभर एलपींचे वीस-बावीस किलो वजन तळाशी असले की ही उतरंड डगमगत नसे. ॲम्प्लिफायरचे कोडे मात्र सुटले नाही. वजन त्याला खाली ओढी, उष्णता वर. १९७८च्या पायोनियर एसएक्स-१९८० या रिसीव्हरचेच वजन ३५ किलो होते.

ब्रिटनमध्ये या जड रॅकच्या उलट विचार रुजला. ग्लासगोच्या लिन कंपनीचे एलपी-१२ हे १९७२चे स्प्रिंगवरचे टर्नटेबल लाकडी जमिनीवर पावलागणिक झुले. म्हणून तिथले लोक ते हलक्या, ताठ टेबलावर किंवा थेट भिंतीवरच्या फळीवर ठेवू लागले. नेम कंपनीने वीजपुरवठ्याची खोकी एका रांगेत आणि नाजूक संदेशाची दुसऱ्या रांगेत ठेवण्याचा आग्रह धरला.

भारतात त्या काळी आयातीवर कडक निर्बंध होते. मुंबईकर हौशी मंडळी लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून ॲम्प्लिफायर जुळवत, डेक आखातातून येणाऱ्या नातलगाकडून मागवत आणि रॅकऐवजी सुताराकडून शोकेस करून घेत. पुढे काच, मागे प्लायवूड अशी ही शोकेस उष्णता कोंडून ठेवी. जाणता माणूस मागच्या प्लायवूडला भोके पाडून घेई.

१९८२मध्ये सीडी आली. सोनीच्या पहिल्या प्लेअरचा ट्रे पुढून बाहेर येई, म्हणून तो कुठल्याही कप्प्यात चाले. फिलिप्सचा वरून उघडे, त्यामुळे वरच्या फळीसाठी टर्नटेबलला स्पर्धक मिळाला. स्वस्त बाजारात ॲमस्ट्रॅडने ‘टॉवर सिस्टिम’ विकली. दिसायला चार वेगळी यंत्रे, आत एकच साचा. त्यातला एक भाग बदलायचा तर सगळेच बदलावे लागे. सुटेपणाचा सगळा फायदा त्यात गेला, ही त्या यंत्राची मोठी उणीव. पुढे होम थिएटरमुळे टीव्ही मध्यभागी आला आणि उंच रॅकची जागा बुटक्या, रुंद युनिटने घेतली. पाच वाहिन्यांचे ॲम्प्लिफायर आता एकाच रिसीव्हरमध्ये बसले, आणि त्याच्या वर व बाजूंना मोकळी जागा सोडण्याची सूचना माहितीपुस्तिकेत ठळक छापली जाऊ लागली.