न्यायालयाच्या मेजावर एक मराठी कविता

मराठी कवितेवर खटला व्हावा ही गोष्ट नवी नाही. बा. सी. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ (१९४७) या संग्रहावर अश्लीलतेचा आरोप झाला, मर्ढेकर निर्दोष सुटले आणि पुढे त्यांचीच कविता विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत दाखल झाली. काळ अखेर कवितेच्या बाजूने उभा राहतो, असा सोयीस्कर समज आपण तेव्हापासून बाळगून आहोत. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांच्या ‘गांधी मला भेटला’ या कवितेचा प्रवास तपासला की तो डळमळतो.

ही दीर्घ कविता १९८० च्या दशकातली. १९९४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या, केवळ सभासदांसाठी निघणाऱ्या ‘बुलेटिन’मध्ये ती छापली गेली आणि लातुरात गुन्हा नोंदवला गेला. समाजात तेढ माजवल्याचा आरोप खालच्या न्यायालयातच गळाला. उरले अश्लीलतेचे कलम २९२. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला तो १४ मे २०१५ रोजी. संपादक-प्रकाशक देवीदास तुळजापूरकर यांनी लगेच बिनशर्त माफी छापली होती; ते आणि मुद्रक आरोपमुक्त झाले. कवीला मात्र खटल्याला सामोरे जाण्यास सांगितले गेले.

न्या. दीपक मिश्रा आणि न्या. प्रफुल्ल पंत यांनी काव्यस्वातंत्र्य नाकारले नाही. समकालीन समाजमानसाची कसोटी २०१४ सालीच न्यायालयाने स्वीकारली होती. इतिहासातील आदरणीय व्यक्तीच्या तोंडी असभ्य शब्द घातले असतील तर ती अधिक कठोरपणे लावावी, असे त्यांनी ठरवले. आमची अडचण नेमकी इथे आहे. २०२४ पर्यंत लागू असलेले कलम २९२ वाचकाची कामवासना चाळवण्याबद्दल, त्याचे मन बिघडवण्याबद्दल बोलत होते, आदराबद्दल नाही. एखादा शब्द कोणाच्या तोंडी आहे यावरून तो अश्लील ठरू लागला, तर भंगते ते पावित्र्य. अश्लीलतेशी त्याचा संबंध उरत नाही. शिवाय उपहासाचे काम मुळात अशा विसंगतीवरच चालते. गांधींचे नाव घेऊन वाटेल ते करणारा समाज हे गुर्जरांचे लक्ष्य होते, असे आम्ही मानतो. (कविता सर्वत्र सारखीच उतरली आहे, असा आमचा दावा नाही, काही ठिकाणी ती निव्वळ धक्क्यावर भागवते.)

गंमत अशी की सभासदांपुरत्या अंकातली ही कविता खटल्यामुळेच देशभर पोहोचली. कायद्याच्या वर्गांत तिचा निकाल शिकवता येतो. मराठीच्या वर्गात ती मोठ्याने वाचावी का, याचा अंदाज मात्र शिक्षक आधी दाराकडे पाहून घेतो.