मराठीतील सर्पनामे आणि सापांशी असलेला लोकव्यवहार

१

ज्या वस्तूशी एखाद्या समाजाचा नित्य संबंध येतो, तिच्या प्रकारांना त्या समाजाच्या भाषेत वेगवेगळी नावे असतात, हे भाषाभ्यासकांच्या परिचयाचे आहे. गुरांचे रंग, भाताच्या जाती आणि पावसाच्या परी यांविषयीची मराठीची शब्दसंपत्ती या गोष्टीची साक्ष देते. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या बाबतीतही तीच स्थिती आहे. नाग, मण्यार, घोणस, फुरसे, धामण, दिवड, नानेटी, कवड्या, गवत्या, हरणटोळ, मांडूळ, अजगर ही सापांची नावे आणि त्यांच्या जोडीला घोरपड, सरडा, पाल, सापसुरळी, कासव, मगर ही इतरांची नावे कोणा प्राणिशास्त्रज्ञाने बसविलेली नाहीत. शेताच्या बांधावर, पाणवठ्यावर, गवताच्या गंजीपाशी आणि घराच्या वळचणीला ज्यांची या प्राण्यांशी रोज गाठ पडे, त्यांनी ती घडविली व पुढच्या पिढीच्या हाती दिली.

या नावांचा इतिहास पाहू गेल्यास महाराष्ट्रातील माणसाचा सापाशी व्यवहार पूर्वी कसा होता, तो कोठे बिघडला आणि अलीकडे कोणत्या वळणाने जात आहे, यावर पुष्कळसा प्रकाश पडतो. सापांना वाचविण्याचा प्रश्न हा बऱ्याच अंशी त्यांना त्यांच्या नावाने ओळखण्याचा प्रश्न आहे, एवढेच प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

२

यांपैकी काही नावे फार जुनी आहेत. ‘साप’ हा शब्द संस्कृत ‘सर्प’ व प्राकृत ‘सप्प’ यांच्याद्वारे मराठीत आला. त्याच्या मुळाशी सरपटणे या अर्थाचा ‘सृप्’ धातू आहे. ‘सरट’पासून सरडा, ‘पल्ली’पासून पाल, ‘कच्छप’पासून कासव आणि ‘मकर’पासून मगर हे शब्द याच मार्गाने आले. ‘शिशुमार’ या शब्दाचे ‘सुसर’ झाले. संस्कृतात हा शब्द नदीतील मोठ्या सस्तन जलचरालाही लावला जात असे. महाराष्ट्राच्या नद्यांत मात्र तो मगरीच्या कुळाकडे वळला. अर्थ बदलला तरी शब्द टिकला, कारण नदीकाठच्या माणसाला त्याची गरज होती.

‘धामण’ या नावाचा इतिहास विशेष मनोरंजक आहे. संस्कृत ‘धर्मण’ हा शब्द एका जातीचा साप आणि एका जातीचे झाड अशा दोन्ही अर्थांनी आढळतो. मराठीतही धामण हा साप आहे आणि धामण हे झाडही आहे. शब्दाबरोबर त्याचे दोन्ही अर्थ इतक्या शतकांचा प्रवास करून आले, यावरून या नावाचा वापर किती अखंड होता याची कल्पना येते.

दुसरा वर्ग मराठीने स्वतः घडविलेल्या नावांचा. कवड्यांसारख्या पांढऱ्या खुणांवरून कवड्या आणि गवतातील हिरव्या वावरावरून गवत्या ही नावे पडली. ‘फुरसे’ हे नाव ध्वनीवरून आलेले दिसते. हा लहानसा साप वेटोळ्यावर वेटोळे घासतो, तेव्हा त्याच्या अंगावरील करवती खवल्यांचा फुरफुर असा आवाज होतो. ज्याने हे नाव ठेवले, त्याने तो आवाज सुरक्षित अंतरावरून लक्षपूर्वक ऐकला असला पाहिजे. मोल्सवर्थच्या कोशाची सुधारलेली आवृत्ती १८५७ साली निघाली. तोपर्यंत अशी अनेक नावे लोकांच्या तोंडी पक्की रुळली होती.

३

सापासापांत भेद करण्याची ही दृष्टी आपल्या परंपरेत नवी नाही. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात सापांचे दर्वीकर, मंडली, राजिमंत, निर्विष आणि वैकरंज असे पाच वर्ग सांगून एकंदर ८० प्रकार गणले आहेत. दर्वीकर म्हणजे फणा असलेले, मंडली म्हणजे अंगावर वर्तुळाकार ठिपके असलेले आणि राजिमंत म्हणजे रेषा असलेले. नाग, घोणस आणि मण्यार यांची लक्षणे या तीन वर्गांशी जुळतात, हे अभ्यासकांनी दाखविले आहे. मंडली वर्गाच्या यादीत ‘गोनस’ हे नाव स्पष्टच आहे आणि मराठीतील ‘घोणस’ हे त्याचेच रूप होय. विष नसलेल्या सापांसाठी वैद्यकाने स्वतंत्र वर्ग केला होता, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे.

महाभारताच्या आदिपर्वातील रुरूची कथा याच भेदावर उभी आहे. रुरूची वाग्दत्त वधू प्रमद्वरा सर्पदंशाने मरण पावते. आपले अर्धे आयुष्य देऊन तो तिला परत मिळवितो आणि त्यानंतर दिसेल तो साप काठीने मारण्याचे व्रत घेतो. एके दिवशी वनात एका वृद्ध डुंडुभावर तो काठी उगारतो. डुंडुभ हा निर्विष साप. तो रुरूला विचारतो की, माणसांना दंश करणारे साप वेगळे असताना केवळ त्यांच्यासारखे दिसण्यावरून आमचा वध का करावा? ही कथा जनमेजयाच्या सर्पसत्राच्या आधी येते, हा योगायोग नव्हे. एका तक्षकाच्या अपराधासाठी सर्व सर्पकुल अग्नीत लोटणारे सत्र आणि ते थांबविणारा आस्तिक या मोठ्या कथेची ती जणू प्रस्तावना आहे. साप दिसताच आस्तिकाचे नाव घेण्याची रीत मराठी घरांतून होती. सापाने निघून जावे आणि त्याला मारण्याचा प्रसंग येऊ नये, अशी दुहेरी इच्छा त्या उच्चारात आहे.

४

तथापि लोकव्यवहाराची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. भय जेथे अधिक तेथे नाव टाळले जाते. रात्री सापाचा उल्लेख ‘जनावर’, ‘लांबडे’ किंवा ‘किरडू’ असा करावयाचा आणि सर्पदंश झाला तर ‘पान लागले’ म्हणावयाचे, ही खेड्यांतील पद्धत होय. अशा शब्दांत सापाची जात हरवते. जनावर म्हटले की ते नाग आहे की नानेटी, हा प्रश्नच उरत नाही. भाषेतील म्हणी तर बहुतेक सापाच्या विरुद्धच साक्ष देतात. सापाला दूध पाजणे म्हणजे कृतघ्नाला पोसणे. ‘साप साप म्हणून भुई धोपटणे’ या म्हणीत मात्र उपहासाचा रोख सापाकडून माणसाकडे वळला आहे.

या दोन वृत्तींचा तोल सणाने राखला होता. नागपंचमीला नांगर धरू नये, खणू नये, चिरू नये, तळू नये असे संकेत आहेत. ऐन श्रावणात, साप बिळांतून बाहेर पडलेले असताना, निदान एक दिवस जमीन न दुखविण्याचा हा नियम होता. परंतु जिवंत नाग पकडून त्याला दूध पाजण्याची प्रथा त्या प्राण्याला घातकच ठरली, कारण दूध हे सापाचे अन्न नव्हे. धामण गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, हा समजही याच जातीचा आहे. वास्तविक धामण गोठ्याकडे येते ती उंदरांसाठी, आणि त्या भ्रामक समजुतीपायी शेतकऱ्याने आपल्या धान्याची राखणदारच मारली आहे.

नावेही कधी कधी फसवितात. डुरक्या घोणस हा साप बिनविषारी आहे, पण त्याच्या नावातील दुसरा शब्द त्याच्या जिवावर उठतो. सापसुरळी ही पालीच्या जवळची निरुपद्रवी प्राणी. तिला ‘सापाची मावशी’ म्हटल्यामुळे मावशीलाही भाच्यांच्या दुष्कीर्तीचा वाटा मिळाला. मांडुळाची शेपटी तोंडासारखी बोथट असल्याने त्याला ‘दुतोंड्या’ नाव पडले आणि दोन तोंडांच्या या सापाने धन लाभते, अशा कल्पनेतून त्याची चोरटी विक्री होऊ लागली. घोरपडीची गोष्ट याहून खेदकारक आहे. तिची पकड इतकी चिवट की सिंहगडाच्या पोवाड्यात यशवंती घोरपडीला स्थान मिळाले आणि घोरपडे या मातबर घराण्याचे आडनावही तिच्याशी जोडले जाते. त्याच प्राण्याचे नराचे अवयव वाळवून ‘हत्थाजोडी’ नावाची वनस्पतीची मुळी म्हणून विकले गेल्याचे अलीकडे उघडकीस आले. विकत घेणारा भाविक आपण एका घोरपडीचा बळी घेतला हे जाणत नाही, कारण त्या नावात घोरपड कोठेच नाही.

५

एकोणिसाव्या शतकात सापाशी असलेल्या व्यवहारात शासन प्रथमच मोठ्या प्रमाणावर उतरले. साप मारून आणणाऱ्यास इनाम देण्याची पद्धत इंग्रजी अमलात अनेक प्रांतांत होती. रत्नागिरी जिल्ह्यात फुरशांचा सुळसुळाट असल्याने तेथे ती विशेष जोराने चालली. इनाम चालू असताना सहा वर्षे दरसाल सरासरी दोन लाखांहून अधिक फुरसी मारली गेल्याची नोंद आहे. एवढा संहार होऊनही कोकणातून फुरसे नाहीसे झाले नाही. जांभ्या दगडाच्या सड्यांवर ते आजही आहे. या प्रयोगातून सापाचा प्रश्न काठीने सुटत नाही एवढे सिद्ध झाले.

त्याच काळात दुसऱ्या बाजूने ज्ञानाची वाढ होत होती. मुंबईत १८८३ साली निसर्गेतिहास मंडळ स्थापन झाले आणि त्याच्या नियतकालिकात फ्रँक वॉल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी भारतीय सापांविषयी लेखमाला लिहिली. १८९९ साली परळ येथे निघालेली प्लेगसंशोधनाची प्रयोगशाळा १९२५ पासून हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली, आणि सर्पविषावरील लस तयार करण्याच्या कामी तिचे नाव देशभर झाले. याच संस्थेशी संबंध असलेले डॉ. पी. जे. देवरस यांचे भारतीय सापांवरील इंग्रजी पुस्तक १९६५ साली प्रसिद्ध झाले.

या लशीच्या इतिहासात एक अर्थपूर्ण गोष्ट आहे. भारतात ती नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर तयार केली जाते. मराठी लोकभाषेने ज्यांना स्वतंत्र, ठसठशीत नावे देऊन वेगळे काढले होते, तेच हे चार साप. शिवाय ही लस करण्यासाठी विष लागते आणि ते जिवंत सापापासूनच मिळते. तमिळनाडूतील इरुळा जमातीची सहकारी संस्था १९७८ पासून हे काम करीत आली आहे. साप पकडून त्याचे विष काढावयाचे आणि त्याला पुन्हा रानात सोडावयाचे, अशी तिची रीत आहे. म्हणजे दंश झालेल्या माणसाचा जीव वाचविण्यासाठीसुद्धा साप जगला पाहिजे.

६

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा व्यवहार पालटला. घोरपड आणि अजगर यांना पहिल्या अनुसूचीचे संरक्षण मिळाले, कातड्यांच्या व्यापाराला आळा बसला आणि टोपलीत नाग घेऊन दारोदार फिरणाऱ्या गारुड्याचा धंदा कायद्याबाहेर गेला. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याची नागपंचमीसुद्धा न्यायालयापर्यंत पोचली. ‘गारुडी’ हा शब्द संस्कृत ‘गारुडिक’ यापासून आलेला असून त्याच्या मुळाशी सर्पांचा शत्रू गरुड आहे. सापावर सत्ता चालवावयाची ती त्याच्या वैऱ्याच्या मंत्राने, ही कल्पना त्या शब्दात सामावलेली आहे.

गारुडी मागे पडला तशी मराठीत एका नव्या शब्दाने जागा घेतली. तो म्हणजे ‘सर्पमित्र’. १९८० साली पुण्यात नीलिमकुमार खैरे यांनी ७२ सापांच्या सहवासात ७२ तास काढले, तेव्हा साप विनाकारण चावत नाही हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. पुढे त्यांच्याच प्रयत्नांतून १९८६ साली कात्रज येथे सर्पोद्यान उभे राहिले. आज गावोगावी घरात साप निघाला म्हणजे काठी शोधण्याऐवजी सर्पमित्राला बोलावणे धाडले जाते. वैऱ्याच्या नावावरून मित्राच्या नावाकडे झालेला हा प्रवास मराठीच्या अर्वाचीन इतिहासातील लहान, पण नोंदण्याजोगी घटना होय.

मात्र या मैत्रीला वस्तुस्थितीचे भान हवे. २००० ते २०१९ या काळात भारतात दरवर्षी सरासरी ५८,००० माणसे सर्पदंशाने दगावली, असा संशोधकांचा अंदाज आहे. मृतांत खेड्यांतील शेतकरी, शेतमजूर आणि त्यांची मुले यांचाच भरणा अधिक. सापावर दया करा एवढाच उपदेश त्यांना करणे अन्यायाचे ठरेल. त्यांना उपयोगी पडते ते विवेकाचे ज्ञान. अजगराचे पिल्लू समजून घोणस हाताळणाऱ्याचा जीव जातो आणि मण्यार समजून मारलेला कवड्या फुकट मरतो. दोन्ही अपघातांचे कारण एकच असते : नाव चुकलेले असते.

शहरातील मुलाला आज साप हा एकच शब्द पुरतो. घोणस व डुरक्या घोणस, मण्यार व कवड्या, नाग व धामण यांतील अंतर त्याच्या आजोबांना शब्दाबरोबरच कळत होते. त्याला ते पुस्तकातून शिकावे लागते. तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांतील सर्पनामे, त्यांची बोलीतील रूपे आणि ती नावे ज्या लक्षणांवरून पडली ती लक्षणे वृद्ध शेतकऱ्यांकडून वेळीच टिपून घेणे हे भाषाभ्यासकाचे काम आहे, आणि ते प्राणिरक्षणाचेही काम आहे. रुरूची काठी खाली आली ती समोरच्या डुंडुभाने आपली जात सांगितली म्हणून. आजच्या डुंडुभाला बोलता येत नाही. त्याचे नाव माणसालाच ठाऊक असावे लागते.