रिपोर्ट निगेटिव्ह, तरी भीती का जात नाही?

रेल्वेने दिल्लीला गेला असाल, तर शहर जवळ येताना रुळांलगतच्या भिंती तुम्हाला आठवत असतील. मोठ्या अक्षरांत ‘गुप्त रोग’, खाली हकिमाचं नाव आणि पत्ता.

आता समजा, मुखर्जीनगरात यूपीएससीची तयारी करणारा एक मराठी मुलगा आहे. एकदा असुरक्षित संबंध आला. एचआयव्हीची तपासणी केली, निगेटिव्ह. महिन्यांनी पुन्हा केली, मग दुसऱ्या लॅबमध्ये. सगळे रिपोर्ट निगेटिव्ह. तरी अंगावर पुरळ दिसलं की झोप उडते. पुस्तक उघडं, लक्ष मोबाईलवरच्या लक्षणांत. या भीतीला इतिहास आहे.

आधी त्या भिंती पाहू. गुप्तरोग बरे करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींवर संसदेने 1954 मध्ये कायद्याने बंदी घातली. दिल्लीच्या हमदर्द दवाखान्याने त्या कायद्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं. 1959 च्या निकालात कायद्याचा काही भाग रद्द झाला, पण अशा जाहिराती रोखण्याचा मूळ हेतू न्यायालयाने मान्य केला. जाहिरात वाचून माणूस स्वतःच आपला आजार ठरवतो, हाच तो धोका. कायदा राहिला आणि भिंतीही रंगत राहिल्या.

आपल्याकडे मुंबईत र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’मधून वाचकांच्या अशा शंकांना सरळ उत्तरं देत. 1934 मध्ये त्या प्रश्नोत्तरांवरूनच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. शिक्षा झाली ती उत्तर देणाऱ्याला!

दुसरं कारण तपासणीच्या इतिहासात आहे. गरमीसाठी 1906 मध्ये वॉसरमन चाचणी आली. ती कधी मलेरियाच्या रुग्णालाही पॉझिटिव्ह ठरवी, कधी खरा रोग निसटे. एचआयव्हीची चाचणी 1985 मध्ये आली, तेव्हा नुकता झालेला संसर्ग तिला कळत नसे. म्हणून काही महिने थांबून पुन्हा तपासा, असा सल्ला असे. चाचण्या सुधारल्या, पण ‘निगेटिव्हवर भरवसा नको’ हे मनात राहिलं. आज रक्तवाहिनीतून रक्त घेऊन लॅबमध्ये केलेली अँटिजेन-अँटिबॉडी चाचणी 45 दिवसांनंतर, आणि फक्त अँटिबॉडी पाहणारी 90 दिवसांनंतर निगेटिव्ह आली, मधे नवी जोखीम किंवा प्रतिबंधक औषधं नसतील, तर विषय संपतो.

पण मुलाच्या मनातला प्रश्न वेगळाच असतो: माझ्या चुकीची शिक्षा मला मिळणार का? त्याचं उत्तर कुठलीही लॅब देऊ शकत नाही. 1992 मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्था दिल्लीत सुरू झाली. तिच्या केंद्रांचं नाव पाहा: एकात्मिक समुपदेशन आणि चाचणी केंद्र. समुपदेशन आधी, चाचणी नंतर. 1097 या क्रमांकावरही मोफत बोलता येतं.

तेव्हा मुदतीनंतरचा रिपोर्ट निगेटिव्ह असेल, तर आणखी एक लॅब शोधू नका. समुपदेशकाशी बोला, गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. ही भीतीसुद्धा बरी होते.